गॅदरिंगमध्ये मुलांना गाऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या शाळाशाळांमध्ये स्नेहसंमेलनांचे दिवस आहेत, म्हणून हे पत्र. चिपळूणजवळच्या एका शाळेने माझ्या किशोर कादंबरीवर बसवलेलं संगीत नाटक मी नुकतंच पाहिलं. त्याविषयी आपल्या वाचकांना, विशेषतः शिक्षकांना, सांगितल्यावाचून राहवत नाही.

कादंबरी 22 जुलै 2021च्या पुराची आहे. बाजारपेठेतलं जुनं घर, घरात आजी आणि नात, आणि वाशिष्ठी नदीतून वाहत येऊन पडवीत अडकलेली मगर. हा पूर शाळेच्या पटांगणावर कसा उभा करणार, ही मला काळजी होती. मुलांनी पाणी दाखवलंच नाही. आजी आणि नात आधी पाटावर चढल्या, मग बाकावर, मग टेबलावर, शेवटी शिडीने माळ्यावर. पेटीच्या काळी एक या पट्टीत सुरू झालेलं गाणंही दर कडव्याला एकेक पट्टी वर चढत गेलं. शेवटच्या कडव्यापर्यंत बहुतेकांचे आवाज पोचेनात, तेव्हा पाचसहा मुलींनी ते तोलून धरलं. त्या चिरक्या, ताणलेल्या सुरात पुराचं जे भय होतं, ते मला अख्ख्या प्रकरणात लिहिता आलेलं नाही. मांडवात बसलेल्या बहुतेकांनी तो पूर अंगावर घेतलेला. गाणारी मुलं तेव्हा तिसरी-चौथीत होती. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत.

पुस्तकात मगर एकदाही बोलत नाही. नाटकात तिला एखादं गमतीदार गाणं देतील, असं मी धरून चालले होते. त्यांनी तिला फक्त मृदंग दिला. ती हलली की मृदंग, थांबली की शांतता. वाजवणारा मुलगा गावच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, बापाशेजारी बसून शिकलेला. नाटकाची सुरुवातही नमनानेच होती: धरतीमातेला, गावदेवीला आणि मग वाशिष्ठीला. बाजाराच्या प्रसंगाला जाखडी या कोकणी लोकनृत्याचा फेर होता. चाली मुलांच्या घरच्याच. संगीताच्या बाईंनी फक्त त्या पेटीवर नीट बसवल्या.

लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातल्या भिजलेल्या पुस्तकांचं प्रकरण मात्र त्यांनी गाळलं. ते मला लागलं. नाटक लांबत होतं हे मान्य, पण ते प्रकरण हवं होतं, असं मी बाईंना सांगितलंही.

आता मुद्द्याचं. आपल्या बहुतेक गॅदरिंगमध्ये काय होतं? सिनेमाची ध्वनिमुद्रित गाणी, भाड्याचे कपडे, प्रत्येक वर्गाची दोन-तीन मिनिटं. मुलाचा स्वतःचा आवाज पालकांच्या कानावर पडतच नाही. मुलांच्या नाटकांसाठी सुधा करमरकरांनी 1959मध्ये ‘लिटल थिएटर’ ही संस्था सुरू केली, रत्नाकर मतकरींनी 1962मध्ये ‘बालनाट्य’. इतकी जुनी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात मुलांनी दुसऱ्याच्या आवाजावर नुसते ओठ हलवावेत, याचं मला फार वाईट वाटतं. पैशांची अडचण सांगू नये. या नाटकाला लागले ते शाळेतलेच बाक, एक शिडी, पेटी आणि मृदंग. वेळ मात्र भरपूर लागला. दिवाळीपासून रोज शेवटच्या तासाला तालीम चालली होती. मुख्याध्यापकांनी तो तास दिला, म्हणून हे झालं.

काही शिक्षक परवानगीच्या धास्तीने पुस्तकाच्या वाटेला जात नाहीत. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी शाळेतल्याच मंडळींसमोर आणि पालकांसमोर प्रयोग केला, तर 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52ने त्याला सवलत दिलेली आहे. रूपांतर करायचं असेल तर लेखकाला आधी जरूर विचारावं. या बाईंनी मला साधं पोस्टकार्ड पाठवलं होतं. मुलांसाठी लिहिणारी आम्ही माणसं अशा पत्राची वाट पाहत असतो.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. स्पर्धांचे निकाल आपण छापता, तशी अशा नाटकांची दखलही घ्यावी. या नाटकाची संहिता आणि चालींची वही इतर शाळांना द्यायला बाई तयार आहेत, माझीही परवानगी आहे. हवी असल्यास शाळांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. मानधन नको. गाणी मात्र मुलांनी स्वतः गायची, एवढी एक अट.

आपली,
एक बालसाहित्य लेखिका, चिपळूण
(नाव व पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे.)