डब्यातलं पत्र

लालबाग, मुंबई
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस, २०२५

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींचा नातू शनिवारी बंगळुरूला निघालाय, त्याच्याकडे डबा देतेय आणि डब्यात वरच हे पत्र ठेवतेय. फोनवर आपलं काय होतं ते गेल्या खेपेला बघितलंसच. तू अर्धं बोलतोस, उरलेलं अर्धं मी मनानेच लावते आणि मग फोन ठेवून देते. कागदावर निदान ठेवून द्यायला काही नाही.

तू म्हणालास, "आई, यंदा नानकटाईचा डबा नको पाठवूस." आणि मी म्हटलं, "तिने सांगितलं वाटतं?" हे माझ्या तोंडून जायला नको होतं. बिचाऱ्या सूनबाईने काहीच सांगितलं नव्हतं. उलट तीन दिवसांनी तिनेच बाल्कनीत जाऊन हळू आवाजात मला फोन केला, तेव्हा खरं काय ते कळलं. तुझी शुगरची टेस्ट ६.३. तिने मला सांगितलं हे तुला कळलंय, असं तिला दाखवू नकोस. नाहीतर दाखव. तुमचं तुम्ही बघा, मला हे असलं जमत नाही.

या विषयावर मी पत्रात काही लिहिणार नाही. एकोणचाळीस वर्षांचा बाप्या आहेस, एका मुलीचा बाप आहेस. फक्त एवढंच विचारते, ती तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्ट पुन्हा कधी करायचीय? झालं. आता विचारणार नाही.

तुझा फोन येण्याआधीच मी बेकरीत सामान पोचवलं होतं. किलोभर मैदा, तूप आणि पिठीसाखर पाऊण-पाऊण किलो, मूठभर रवा, वाटीभर बेसन, वेलची-जायफळ. बाबांमुळे अजून आपल्याकडून भाजणावळ घेत नाहीत, मीच सामानाच्या पिशवीत शंभराची नोट घालून ठेवते. यंदा बेकरी ओळखू येत नाही. जानेवारीत हायकोर्टाने सांगितलं, सहा महिन्यांत लाकूड-कोळसा बंद करा, गॅसवर नाहीतर विजेवर या. जुलैत मुदत संपली. आपल्याकडची भट्टी आता गॅसची आहे. भिंतीला पांढऱ्या फरशा लावल्यात, हॉस्पिटलासारख्या. धूर वाईटच, मला पटतं. पाडलेल्या चाळींची दारं, खिडक्यांच्या चौकटी, रंग लावलेल्या फळ्या, काय म्हणशील ते त्या भट्टीत जायचं. बाबांच्या शर्टाला तो वास असायचा, कितीही धुतला तरी. पण नानकटाई पांढरीफटक आली रे. खालून जो तांबूस डाग पडायचा तो नाही. मी काही बोलले नाही. तिथला पोरगा आधीच रडकुंडीला आला होता, नव्या भट्टीचा अंदाज येईना म्हणून.

तुला आठवतं का, धनत्रयोदशीच्या रात्री आम्ही बायका बेकरीत रांग लावायचो? प्रत्येकीचा पत्र्याचा डबा, त्यावर नावाची चिठ्ठी, आणि सगळ्यांची एकच भीती, आपलं तूप दुसरीच्या परातीत जायला नको. बेबीआत्या तर परातीपासून हलायचीच नाही. तू पाच वर्षांचा असशील, मैद्याच्या पोत्यांवर झोपून गेलास. बाबांनी उचलून घरी आणलं आणि सकाळी बघते तर तुझी पाठ पांढरी, केस पांढरे. आजी म्हणाली, "झील एका रातीत म्हातारो झालो." त्या दिवशी तुला उटणं लावायच्या आधी झटकावं लागलं होतं.

बाबा बेकरीत कसे लागले ते तुला नीट कधी सांगितलंच नाही. त्यांना ते आवडायचं नाही म्हणून मीही बोलले नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अडीच लाख माणसं एका दिवसात घरी बसली. सगळ्यांना वाटलं, महिना-दोन महिने. आजीच्या खाणावळीत तेव्हा चौदा गडी जेवायचे. अर्धे गावी गेले, अर्धे उधारीवर राहिले. आजीने कोणाला उठ म्हटलं नाही. मासळी गेली, मग आमटी पातळ झाली, मग उरली ती कुळथाची पिठी आणि भात. तीही मी ढवळताना आजी म्हणायची, "अजून वायच पाणी घाल, माणसा चार वाढली." बाबांनी शेवटी शरम बाजूला ठेवली आणि पहाटे सायकलवर पाव टाकायला जायला लागले. गिरणीत साच्यावर काम केलेला माणूस! संध्याकाळी बेकरीवाला खारीचा चुरा, फुटलेली बटरं, कडेची जळलेली बिस्किटं कागदात बांधून द्यायचा. तो आमचा पगाराचा दुसरा भाग. तुझ्या जन्मापर्यंत संप कागदावर संपला होता की नव्हता कोणाला ठाऊक, चुरा मात्र रोज घरी येत होता. तू दात येण्याआधी खारी चोखायचास.

म्हणून मला रात्री झोप लागत नाही. तुला जे भरवलं ते चुरा, बटर, साखरेचा चहा, आणि वर दिवाळीला नानकटाई. गिरणगावातलं लाडाचं पोर असंच वाढायचं. आता डॉक्टर म्हणतात मैदा नको, साखर नको. मग मी काय भरवलं तुला?

हे लिहायचं नव्हतं. खोडत नाही, शाई फुटते.

बाबांची शुगर निघाली तेव्हा ते त्रेचाळीसचे होते. तू आता किती वर्षांचा ते मी वर लिहिलंच आहे. त्यांनी काय केलं? माझ्यासमोर बिनसाखरेचा चहा प्यायला लागले आणि पहाटे चारला बेकरीत गरम नानकटाई खिशात घालायला लागले. मला कसं कळलं, तर धुताना खिसा तुपकट लागायचा. मी भांडायचे, ते हसायचे. "एका नानकटाईने काय होतंय?" एकच म्हणायचे नेहमी. मग पायाचं बोट. मग पुढचं तू बघितलंस, बारावीनंतर तू त्यांच्या ड्रेसिंगला बसायचास, तुला सांगायला नको. तुझ्या खिशात काय असतं ते बघायला मी तिथे नाही. सूनबाई बघते का? तिला बघायला लावू नकोस, तूच बघ. बायकोला पहारेकरी केलं की संसाराची चव जाते, हे मी अनुभवाने सांगते.

बघ, लागले बोलायला. माफ कर. चिमीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ मी सबंध चाळीला दाखवला हे सांगायचं राहिलंच. तू स्वतः केक केलास! ॲप्रन घालून! मावशी म्हणाल्या, "पोरगं आईवर गेलंय." मी वर वर नको नको म्हटलं, पण पुन्हा एकदा लावून दाखवला. तुझ्या त्या भिंतीतल्या ओव्हनला आत दिवासुद्धा आहे. आपला पहिला केक आठव. कुकरची शिटी काढली, रिंग काढली, तळाला दोन बोटं वाळू. ती वाळू तू आणि बाबांनी दादर चौपाटीवरून पिशवीतून आणली होती, मी सात पाण्यांनी धुऊन गच्चीत वाळवली. तरी केकला मासळीचा वास आला असं बेबीआत्या आजतागायत म्हणते. आला नव्हता. पुढे भिशी लागली त्या वर्षी तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन घेतला, वर काच असलेला. पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्याचा फ्यूज उडाला. केबलवर मॅच लागली होती, पुरुषमाणसं गॅलरीत येऊन ओरडायला लागली. मी आतून अर्धा कच्चा केक चमच्याने वाटला, तेव्हा शांत झाली. तो ओव्हन अजून आहे, माळ्यावर. तार कुरतडलीय उंदराने.

आणि आजीचं तवसाचं धोंडस. जून काकडी किसून, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं. खाली शेगडी, वर झाकणावर निखारे, आणि गॅलरीभर तो वास. भाजून झालं तरी आजी तासभर हात लावू द्यायची नाही. तू झाकणाजवळ बसून निखारे मोजायचास. केक-बिक आम्हाला नंतर कळला, भाजलेलं गोड म्हणजे आमच्या लेखी तेच. मला वाटलं, गुळाचं आहे, तुला चालेल. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजी, गूळ काय नि साखर काय, शरीराला दोन्ही सारखीच. मला आजी म्हणतात आता. त्यांच्याकडूनच समजून घेतलं, ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, ६.५ झाली की झाली. पण काठावरून मागे येता येतं म्हणाले, वजन उतरवलं, चाललं-फिरलं, जेवण सांभाळलं तर. रोज अर्धा तास तरी भरभर चाल. ऑफिसात लिफ्ट असेल, जिना चढ. रात्रीचं जेवण दहाला घेऊ नकोस. भात कमी कर. तुला सगळं माहीत असणार, कॉम्प्युटरवर माझ्यापेक्षा जास्त वाचत असशील. तरी लिहिते, कारण न लिहिता गप्प बसून मी एकदा बघितलंय.

मी पण गप्प बसले नाही इथे. तीन वेळा नानकटाई करून बघितली, कढईत मीठ घालून, झाकण ठेवून. साखर अर्धी केली तर ती पसरेचना, वरचे तडे गेलेच नाहीत, नुसता गुळगुळीत गोळा. बेकरीतल्या पोराने सांगितलं की साखर काय फक्त गोडीला नसते, ती विरघळते म्हणून नानकटाई पसरते आणि फुटते. दुसऱ्यांदा नाचणी घातली. मावशींच्या कुत्र्याने हुंगून सोडली. तिसऱ्यांदा निम्मी नाचणी, निम्मा मैदा, तूप तेवढंच, साखर पाऊण. ती बरी झाली, पण नानकटाई म्हणवत नाही. आजी असती तर म्हणाली असती, "पोटात गेला ता आपला."

तर डब्यात काय आहे ते ऐक. खाली कुळथाचं पीठ, गावाहून आलेले कुळीथ मी स्वतः भाजून दळून आणलेत. त्यावर आमसुलं आणि घरचा मसाला, मे महिन्यात कुटलेला. सूनबाईला सांग, पिठी करताना पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, गुठळी राहता कामा नये. फोडणीला लसूण ठेचून, हिंग, मिरची. मग पाणी, आमसूल, मीठ, आणि उकळी फुटेपर्यंत हात थांबवायचा नाही. पातळच ठेवायची, गार झाली की आपोआप आळते. तुला लहानपणी ताप आला की हेच लागायचं, दुसरं काही नको असायचं. संपातलं गरिबाचं जेवण होतं, म्हणून मी पुढे ते करायचं टाळलं. वाटायचं, पोराला चांगलं खायला घालू. चांगलं म्हणजे मैदा नि साखर. आता डॉक्टरच म्हणतात, कुळीथ खा.

सगळ्यात वर, पत्राच्या खाली, कागदात सहा नानकटाया आहेत. बेकरीतल्या, खऱ्या. दोन सूनबाईच्या, तीन चिमीच्या. एक तुझी. पाठवायची नव्हती, पण दिवाळीला तुझ्या नावाची एकही नाही असा डबा मला बंद करवेना. खायची तर सगळ्यांसमोर बसून खा, खिशात घालू नकोस.

सूनबाईला सांग, तिच्यावर माझा राग नाही. तिच्या आईलाही सांग, डिंकाचे लाडू मिळाले. चिमीला पापा.

तुझी
आई

ता.क. डबा बेबीआत्याचा आहे, झाकणावर अजून तिच्या नावाची चिठ्ठी आहे बघ, काढू नकोस. तिने चारदा बजावलंय, तेव्हा परत पाठव. आणि रिकामा पाठवू नकोस, आपल्यात पाठवत नाहीत. घालायला दुसरं काही नसलं तर नव्या रिपोर्टचा कागद घाल.