कार्लाबाई, तिचा नवरा आणि माझी शिडी

रोम, एप्रिल २०२४

प्रिय सुमे,

शिव्या नंतर दे, आधी ऐक. गुडघा ठीक, आईंचं बीपी गोळ्यांवर, झालं.

आज टूरची बस कलोसियमला गेली आणि आम्ही दोघं सटकलो. पालाझ्झो देल्ले एस्पोझित्सिओनीत कार्ला अक्कार्दी या इटालियन चित्रकार बाईचं जन्मशताब्दीचं प्रदर्शन लागलंय. १९२४ चा जन्म, सिसिलीतलं त्रापानी. म्हणजे तुझ्या त्या चित्रकार गायतोंड्यांहून तीनेक आठवड्यांनी थोरली. (हो, तुझ्याच. कॅन्टीनमधलं ते भांडण मी अजून मिटवलेलं नाही.)

१९५४ च्या आसपासची तिची काळी-पांढरी चित्रं मिळतील तिथे बघ. काळी जमीन, त्यावर पांढरी चिन्हं, एकमेकांत अडकलेली. अक्षरं वाटतात, पण वाचायला जावं तर एकही लागत नाही. कॅनव्हास खाली पसरून, वाकून काढायची बाई. टूरमधल्या वहिनींना फोटो दाखवला तर म्हणाल्या, "संस्कारभारती का हो?"

पण गंमत पुढेच आहे. नवरा आन्तोनिओ सानफिलिप्पो, तोही चित्रकार, तिच्याच भागातला. १९४७ साली रोममध्ये आठ जणांनी 'फोर्मा १' हा गट काढला, त्यात हे दोघं. आठांत बाई ही एकटी. १९४९ ला लग्न. आणि पन्नासच्या दशकात बघावं तर दोघंही चिन्हंच काढतायत! त्याची बारीक, थव्याथव्याने; हिची ठसठशीत. सुमे, पोटात गोळाच आला.

कारण डिसेंबरात आमचं दोघांचं एकत्र प्रदर्शन आहे. गॅलरीवाल्याला 'जोडपं' हवंय. बोर्डावर आधी अविनाश, मग मी. माझ्या त्या तुटक्या शिड्या आता अव्याच्याही चित्रांत आहेत. चोरल्या असं नाही म्हणत, इतकी वर्षं एका खोलीत काम केलं की हात आपोआप तिकडे वळतो. पण बघणारे ठरवणार, बायकोने नवऱ्याचं उचललं. पहिली शिडी सेकंड इयरला कुणी काढली ते तुलाच ठाऊक. तूच तिच्यावर चहा सांडलास, आणि वर म्हणालीस, आता चित्र झालं!

त्याला बोलले तर म्हणेल, चिन्हाला कधी मालक असतो का. आणि ते खरंय, त्याचाच वैताग.

कार्लाबाईने साठच्या दशकात कॅनव्हासच सोडला. सिकोफॉइल नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर रंगवायला लागली, त्याचे आत शिरता येईल असे तंबू उभारले. त्याच दशकात दोघं वेगळी झाली. १९७० ला कार्ला लोन्झी या कलासमीक्षक बाईबरोबर तिने 'रिव्होल्ता फेम्मिनिले' हा बायकांचा गट काढला. मला तंबू नकोय गं, घटस्फोट तर नकोच, वरणभात फार छान करतो तो. मला फक्त कॅटलॉगमध्ये प्रत्येक चित्राखाली साल छापून हवंय. तेवढं मी मागणार आहे.

ते चहाचं चित्र तुझ्याकडेच आहे ना? फोटो पाठव, पुढून आणि मागून, मागची तारीख स्पष्ट दिसायला हवी.

चिनूची दहावी कशी गेली? फ्लॅटचा ताबा मिळाला का? फोनवर बोलू. अव्या आंघोळ उरकून येतोय, लिहिणं थांबवते. फोटो माझ्याच नंबरवर पाठव, घरच्या ग्रुपवर टाकू नकोस.

तुझी,
नीलू