मराठी तक्रार वाचणार कोण?

मा. संपादक,

विकेंद्रित, म्हणजे एकाच कंपनीच्या मुठीत नसलेल्या, समाजमाध्यमांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मॅस्टोडॉन हे त्यातलेच एक, ट्विटरसारखे, पण वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या आणि एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांचे. आलेले लोक त्याला टिकवता आले नाहीत, हा लेखातला ठपका खरा आहे. न टिकलेल्यांत मीही होतो. ऑक्टोबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचे ट्विटर अकाउंट बंद झाले. कारण काय, तर १९३६ साली हॅम्बुर्गमध्ये सगळे नाझी सलामी देत असताना एकटाच हाताची घडी घालून उभा राहिलेल्या माणसाचे छायाचित्र त्यांनी लावले होते. नाझींना नाकारणारे चित्रच आक्षेपार्ह ठरले! त्या संतापात आपल्याकडचे बरेच जण मॅस्टोडॉनवर गेले, मीही गेलो आणि पंधरा दिवसांत परतलो. तिथे ओळखीचे कोणी नव्हते, शिवाय नाव कोणत्या सर्व्हरवर नोंदवायचे इथेच पहिली अडखळण झाली.

२०२२च्या अखेरीस मस्क यांनी ट्विटर घेतल्यावर पुन्हा गेलो. आता एका चिमुकल्या मराठी सर्व्हरच्या तीन मॉडरेटरांपैकी, म्हणजे तक्रारी बघून पोस्ट ठेवायची की काढायची हे ठरवणाऱ्यांपैकी, एक आहे. सभासद चारशेच्या आसपास. सोसायटीच्या सेक्रेटरीसारखेच काम: पैसा नाही, बोलणी मात्र रोज.

लेखकाला अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि मॉडरेशन यांत रस्सीखेच दिसते. मला तशी ती फारशी दिसलेली नाही. आमच्या एका सभासद बाईंना दुसऱ्या सर्व्हरवरून कोणीतरी लिहिले, ‘घर माहीत आहे तुमचं, येतो एकदा चहाला.’ बाई घाबरल्या. मी त्या परदेशी सर्व्हरच्या चालकाकडे तक्रार केली. त्याने ते वाक्य यंत्राकडून भाषांतरित करून घेतले आणि मलाच विचारले, चहाला येण्यात धमकी कुठे आहे? बिचाऱ्याचे चूक नव्हते. वाक्यात एकही वाईट शब्द नाही. शेवटी आम्ही आमच्या बाजूने ते अकाउंट अडवले.

उलटेही झाले. ‘मेल्या, खंय होतस इतके दिस?’ ही पोस्ट आमच्याच एका सहकाऱ्याने शिवीगाळ म्हणून काढून टाकली. मालवणात यापेक्षा प्रेमळ स्वागत क्वचितच होत असेल. ते गृहस्थ रास्तपणे चिडले, ‘आता आम्ही बोलायचंही तुम्हाला विचारून का?’ आम्ही पोस्ट परत लावली, माफी मागितली. एकीकडे धमकी सुटली, दुसरीकडे माया पकडली गेली, आणि दोन्ही वेळा उणीव एकच होती: ते बोलणे कळणारा माणूस तिथे नव्हता.

आता वाढीबद्दल. ब्लूस्काय हे ट्विटरसारखेच दुसरे विकेंद्रित माध्यम फेब्रुवारी २०२४मध्ये निमंत्रणाविना सर्वांना खुले झाले. कंपनीच्याच अहवालानुसार त्या वर्षात वापरकर्ते सुमारे २९ लाखांवरून २ कोटी ५९ लाखांवर गेले, म्हणजे नऊपट. तक्रारी मात्र आदल्या वर्षीच्या ३ लाख ५८ हजारांवरून ६४ लाख ८० हजार झाल्या, म्हणजे अठरापट. अनोळखी माणसांची गर्दी वाढते तशी कुरबूर त्याहून वेगाने वाढते, हे गणपतीच्या मंडळात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. ब्लूस्कायमागे निदान कंपनी आहे, तिला पगारी माणसे वाढवता आली. आमच्यासारख्यांकडे रात्री जेवणानंतरचा तासभर आहे.

विकेंद्रित म्हणजे बेबंद, हे लेखातले समीकरणही पटले नाही. जुलै २०१९मध्ये अमेरिकेतल्या अतिउजव्यांचे ‘गॅब’ मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आले. सॉफ्टवेअर कोणालाही वापरायला मोकळे, त्यामुळे ते बनवणाऱ्यांनाही अडवता येईना. पण बहुतेक सर्व्हरांनी गॅबशी संबंध तोडले. त्यांचे बोलणे चालूच राहिले, फक्त ते आपल्या ओटीवर येऊ द्यायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवले. हेगडे यांच्या नशिबी असा दुसरा दरवाजा नव्हता.

एक कबुली द्यायला हवी. छोट्या सर्व्हरचा चालक कंटाळला, आजारी पडला की सगळा गोतावळा वाऱ्यावर. आणि आपल्याकडे २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची असते. त्यासाठी तक्रार अधिकारी हवा. चारशे सभासदांच्या सर्व्हरवर तो अधिकारी म्हणजे कोणाचा तरी नवरा किंवा बायको, कपडे वाळत घालता घालता फोन बघणारी.

म्हणून विनंती, की या माध्यमांवर लिहिताना आपण ‘वापरकर्ते किती’ यासोबत ‘मराठी तक्रार वाचणारे किती’ हेही विचारत जा, आणि हा प्रश्न आम्हाला विचारता तसाच बड्या कंपन्यांनाही विचारा.

आमच्याकडे दिवाळीपासून नवी नावनोंदणी बंद आहे. साठेक अर्ज पडून आहेत. त्यातल्या दोघांनी रात्रीची पाळी घ्यायची तयारी दाखवली, तेवढे आम्ही आत घेतले. त्यातले एक सावंतवाडीचे आहेत.

आपला,
एक वाचक, मिरज