मौन हाही मिस्साचाच भाग

चर्चमधील गायनात तरुणांना अधिक वाव द्यावा, असे सुचवणारा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. तरुणांविषयीचे म्हणणे पटले. वसईच्या धर्मग्रामांत, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांत, मराठी भक्तिगीते आज समरसून गायली जातात, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. मात्र मिस्सात, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, एकही क्षण रिकामा जाऊ नये, ही त्याच लेखातील सूचना मान्य करता येत नाही. कॅथलिक चर्चच्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, त्याच दस्तऐवजात भाविकांनी योग्य वेळी मौन पाळावे, असेही सांगितले आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात तर, काही सण वगळता, वाद्ये केवळ गायनाला आधार म्हणून वाजवायची असतात. प्रत्यक्षात कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीचे वाटप, संपते न संपते तोच दुसरे गीत आणि पाठोपाठ सूचनांची यादी सुरू होते. आठवडाभर लोकलच्या गर्दीत पिचलेल्या माणसाने आजारी आईसाठी, नोकरी गेलेल्या मुलासाठी ख्रिस्तापुढे मन मोकळे करायचे तरी कधी? गायकवृंदांनी एक गीत कमी करावे आणि धर्मगुरूंनी सूचनांआधी दोन मिनिटे शांत बसावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वसई