गाडीच्या ऑइलगळतीविषयी चिरंजीवास पत्र

सोलापूर

चि. अजिंक्य यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की गाडी अजून वॉरंटीत आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही. त्यावर मी पुष्कळ विचार केला, आणि मला वाटते की वॉरंटीचे नाव घेऊन आपण सर्व्हिस सेंटरशी बोलू लागलो तर आपलीच बाजू लंगडी पडेल. गाडी तुझ्या नावावर असल्याने पुढचा पत्रव्यवहार तुलाच करावा लागणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्व्हिसिंग करून, ऑइल आणि फिल्टर बदलून गाडी घरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शहाबादी फरशीवर इंजिनाच्या बरोबर खाली ताज्या ऑइलचे पिवळसर ठिपके दिसले. बाबांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पाहिली, तर पातळी खालच्या खुणेला टेकली होती. मी लगेच फोटो काढून ठेवले. सेंटरचा माणूस घरी आला, त्याने ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल काढायच्या भोकाचा बोल्ट, आवळून पाहिला, तर तो नुसता फिरत राहिला. म्हणजे चेंबरचे, इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे, आटे गेले आहेत. एवढे पाहून तो म्हणाला की हे वॉरंटीत बसत नाही, नवा चेंबर तुमच्या खर्चाने घालावा लागेल.

त्याचे पहिले वाक्य मला मान्य आहे आणि दुसरे मुळीच मान्य नाही. वॉरंटी ही गाडी बनवणाऱ्या कंपनीची हमी असते. कारखान्यातून आलेला भाग सदोष निघाला तर ती लागू होते. आपल्या चेंबरमध्ये असा दोष नव्हता. तो अ‍ॅल्युमिनियमचा आहे, आणि त्यात पोलादी बोल्ट हाताने बसवून, नवा वॉशर घालून, ठरलेल्या जोराने आवळण्याऐवजी कोणी तिरका लावून पान्याने रेटला तर आटे सोलून निघतात. धुलाईवाल्याने चादर फाडली तर गिरणीने सूत कोणते वापरले हा प्रश्नच निघत नाही, तसेच हे आहे. ज्यांनी मजुरी घेऊन बोल्ट लावला त्यांनीच तो भाग भरून द्यायचा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याला सेवेतील त्रुटी म्हटले आहे, आणि आपली मागणी त्याच शब्दांत असावी. वॉरंटी हा शब्द तुझ्या मेलमध्ये एकदाही येऊ देऊ नकोस, कारण तो आला की ते त्याच शब्दाला धरून नकार देतील.

वॉरंटीचा खरा संबंध येतो तो पुढच्या नुकसानीत, आणि त्याची मला अधिक धास्ती वाटते. ऑइल कमी असताना आपण गाडी चालवत राहिलो आणि बेअरिंगे घासली किंवा इंजिन जाम झाले, तर मालकाने हयगय केली म्हणून इंजिनाचा दावा फेटाळायला कंपनीला आयते कारण मिळेल. इथे उन्हाने चाळिशी ओलांडली आहे. अशा उन्हात पुण्याच्या हमरस्त्यावर मोहोळ-टेंभुर्णीपर्यंत गाडी पळवली असती तर काय झाले असते, या विचारानेच जीव घाबरा होतो. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला तर पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ असे म्हणायचे नसते. तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे. हे तू तुझ्या मोटारसायकलीवरही ध्यानात ठेव.

मेलमध्ये जॉब कार्डाचा क्रमांक, बिलाची तारीख, त्या दिवशीचे किलोमीटर आणि फोटो असू देत. मागणी अशी कर की त्यांनी स्वतःच्या खर्चाने गाडी उचलून न्यावी, नवा चेंबर, बोल्ट व वॉशर घालावा, बिलावर लिहिलेल्या त्याच ग्रेडचे ऑइल भरावे आणि केलेले काम जॉब कार्डावर नोंदवावे. जाडसर बोल्ट ठोकून किंवा एम-सील लावून वेळ मारून नेणे आपल्याला चालणार नाही. नकार द्यायचा असेल तर तो कारणासह लेखी द्यावा, हेही लिही. तोंडी नकाराला पुढे काही किंमत राहत नाही. ऑइल भरल्यावर डिपस्टिकची पातळी मी स्वतः पाहीन, कारण ते वरच्या खुणेपलीकडे गेले तरी फेस होऊन वंगण नीट होत नाही.

त्यांनी दाद दिली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. काम सोलापुरात झाले, त्यामुळे तक्रार इथे करता येते, आणि तू पुण्यात राहतोस म्हणून तिथेही करता येते. मुदत दोन वर्षांची असते, आणि आपल्या बिलाएवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्क पडत नाही. कोणाशी भांडण्याची मला हौस नाही, पण चुकीच्या कामाचे पैसे तू भरावेस हे मला सहन होणार नाही.

मेलची एक प्रत मला पाठव, म्हणजे ती छापून मी सेंटरमध्ये पोच घेऊन देईन. तोवर गाडी जागची हलवणार नाही. बाबांच्या तपासणीसाठी रिक्षा सांगून ठेवली आहे, त्याची चिंता करू नकोस.

तुझी,
आई