कांस्याला हिरवा रंग नको

संपादक महोदय,

प्राचीन ग्रीक होप्लाइट (भाला-ढालधारी पायदळ) सैनिकांच्या २८ मिमी मूर्ती एका वेळी ६ ते ८ च रंगवायला घ्याव्यात. जास्त घेतल्या की हात घाई करतो. आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) धरत नाही. ढाली शेवटी चिकटवा, कारण त्यांच्यामागे छातीपर्यंत कुंचला पोहोचत नाही. शिरस्त्राणे-चिलखतांच्या कांस्यासाठी गडद तपकिरी थर, त्यावर धातुरंग, मग पातळ तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाणीदार रंग). हिरवा गंज मात्र कृपया नको! तो उत्खननात सापडलेल्या शिरस्त्राणांवर दिसतो. वापरातले, घासलेले कांस्य सोन्यासारखे झळकते. मॅट व्हार्निशने धातूची चमक मरते, म्हणून ते आधी मारावे आणि धातूवरच्या उजळ रेघा त्यानंतर काढाव्यात.

– एक वाचक