तो पहिला प्रश्न

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर म्हणालास, 'आई, तिला दिवस गेलेत,' आणि मी विचारलं, 'अजून कुणाला कळलंय?'

तू गप्प झालास. मग 'नंतर बोलतो' म्हणून फोन ठेवलास. चार दिवस झाले, माझाच प्रश्न मला छळतोय. ती कशी आहे, घाबरली आहे का, तू नीट झोपतोस का, यातलं काही सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की बातमी कुठवर गेली. मी स्वतःला मोकळ्या विचारांची समजत होते. दुसऱ्यांच्या मुलींच्या बाबतीत होतेही! आपल्या घरावर आल्यावर मात्र तोंडून निघाला तो माझ्या आईचा प्रश्न, आणि तिच्याही आईचा.

बोलताना पुन्हा भलतंच काही निघेल, म्हणून लिहितेय.

आजीला मी त्याच रात्री सांगितलं. बाबा नको म्हणत होते. वय झालंय, झेपणार नाही. ऐकून ती बराच वेळ पांघरुणाची घडी घालत बसली. घालायची, मोडायची, परत घालायची. मग तिने तिच्या थोरल्या बहिणीचं सांगितलं, जे इतक्या वर्षांत आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. ताई आजारी आहे, हवापालटाला पाठवलीय, असं तेव्हा सगळीकडे सांगितलेलं. पाच महिन्यांनी ती परत आली, एकटी. बाळाचं काय झालं ते आजीला कधी कळलं नाही. विचारायचं नसतं, एवढं मात्र कळलं. पण अंगावरचं दूध थांबलं नव्हतं. रोज रात्री दार लावून मोठ्या बायका तिची छाती जुन्या कापडाच्या पट्टीने आवळून बांधायच्या. अकरा वर्षांच्या आजीचं काम असायचं गाठ बसेपर्यंत पट्टीवर बोट दाबून धरायचं. 'रडायची नाही गं ती,' आजी म्हणाली, 'माझ्या बोटाकडे बघत राहायची.'

मूल कुणाचं होतं, ते आजीला माहीत होतं. त्याचं पुढे थाटात लग्न झालं, मुलंबाळं झाली, मानाने जगला. त्याला कुणी हवापालटाला पाठवलं नाही.

आपली भाषाच बघ ना. मुलीचं पाऊल वाकडं पडतं. मुलगी घराण्याचं नाक कापते, आईबापांच्या तोंडाला काळं फासते. मुलाच्या वाट्याला काय, तर 'वयच तसं असतं'. 'कुमारी माता' हा शब्द मी वर्तमानपत्रात शेकडो वेळा वाचलाय. 'कुमार पिता' एकदाही नाही.

जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, हे तू शाळेत शिकलास. पाठ करताना त्या नावाचा अर्थ आपण ऐकत नाही. विधवेला दिवस गेले की तिने जीव द्यायचा किंवा बाळाचा घ्यायचा, इतकी ती सवयीची गोष्ट होती. म्हणून त्या घराचं नाव तसं. तिथे बाळंत झालेल्या काशीबाईचा मुलगा, यशवंत, या दोघांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. पण त्या घरालाही गुप्ततेची हमी द्यावी लागत होती. त्या काळातल्या सर्वांत मोठ्या मनाच्या माणसांनाही तिला आडोसाच देता आला. उजेडात ठेवण्याची जबाबदारी तिच्या घरच्यांची होती.

हे फक्त आपल्याकडचं समजू नकोस. आयर्लंडमध्ये १९२२ ते १९९८ या काळात लग्नाशिवाय दिवस गेलेल्या मुलींना ठेवायच्या १८ संस्थांची सरकारी चौकशी झाली. सुमारे ५६ हजार आया तिथे राहून गेल्या, आणि तिथली जवळपास ९ हजार मुलं दगावली. २०२१ मध्ये अहवाल आल्यावर पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. अहवालात म्हटलंय, या मुलींना जी कठोर वागणूक मिळाली तिची जबाबदारी मुख्यतः मुलांच्या बापांची आणि मुलींच्या घरच्यांची, आणि सरकार व चर्चने तिला साथ दिली. सरकार आणि चर्चला यात स्वस्तात सोडलं, म्हणून तिथून गेलेल्या अनेक बायका चिडल्या. त्यांचा राग मला पटतो. पण बाप आणि घरचे, हे दोन शब्द मला चुकवता आले नाहीत. इथे बाप तू आहेस आणि घरची मी.

तुझे बाबा लगेच कॅलेंडर घेऊन बसले. पंधरा दिवसांत लग्न उरकू, म्हणजे कुणाच्या लक्षात येणार नाही. आपल्या नात्यात 'सातव्या महिन्यात' जन्मलेली धडधाकट बाळं किती आहेत, एकदा मोजून बघ, हसू येईल. मी त्यांना म्हटलं, दोघांना लग्न करायचं असेल तर खुशाल करू देत, पण तारीख झाकण्यासाठी काढलेला मुहूर्त मला नको. तेही एक पट्टी आवळणंच झालं. बाबा रागावलेत. रागावू देत. काल रात्री त्यांनीच मला विचारलं, तिच्या आईवडिलांना कळलंय का, आपण भेटायला जायचं का. त्यांच्या मानाने ही मोठी मजल आहे.

आता कामाचं. बाळ ठेवायचं की नाही हे ती ठरवेल. शरीर तिचं आहे. तू तुझं मत सांग, मग ऐक, आणि ती ठरवेल त्याच्या मागे उभा राहा. मला किंवा बाबांना काय वाटेल हे तिच्यासमोर मांडू नकोस. निर्णय काहीही होवो, डॉक्टरकडे मात्र याच आठवड्यात जा. लवकर गेलं तर दोन्ही वाटा जास्त सुरक्षित असतात. ठेवायचं असेल तर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आजपासून, पहिले १२ आठवडे तरी. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून होतो ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे कदाचित आधीच उशीर झालाय. लपवण्यात पहिले जातात ते हेच दिवस. रक्तदाब, रक्तातलं लोह, सगळं वेळेत तपासायचं असतं. दवाखान्यात बाहेर बाकावर बसू नकोस. तिची हरकत नसेल तर आत जा आणि फॉर्मवर तुझं नाव लिही.

मी यायला हवी असेन तर येईन. पण तिला विचारून. तिला नको असेल तर मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण ते माझं मी बघेन.

पत्र बंद करताना आजीने हाक मारली. विचारतेय, तिला उलट्या होतात का, पोटात काही ठरतंय का. विचारून आजच कळव.

तुझी,
आई